सूर्याला उलटी प्रदक्षिणा

आमच्या वर्गात शनी व्हायला कुणी तयार नव्हतं.

सूर्य व्हायला मारामारी, गुरू व्हायला वशिले. चंद्र व्हायचं म्हणून एक पोरगा रोज माझ्यासाठी खिसाभर बोरं आणायचा. पण शनीचं नाव काढलं की सगळी चौथी खाली मान घालून पाट्या पुसायला लागायची. शेवटी एकाला मी दटावून शनी केला, तर दुसऱ्या दिवशी त्याची आई पदर खोचून शाळेच्या दारात हजर. "बाई, माज्या लेकरानं तुमचं काय घोडं मारलंय वो? आदीच ह्येच्या मागं खोकला लागलाय, त्यात तुमी ह्येलाच शनी केला!" आता तिला काय सांगणार, कपाळ! मी त्याला मुकाट्यानं शुक्र केला. मंगळाचीही तीच तऱ्हा. मुलगी मंगळ झाली तर उद्या तिला करून कोण घेणार, तेव्हा मंगळ फक्त मुलग्यांत फिरवायचा, असं बायकांनी मला विहिरीवर गाठून बजावलं. आणि राहू-केतू का गाळले, हा सवाल वेगळाच होता.

हे गाव परंड्याच्या अंगाचं, सोनारीच्या वाटेवरलं. निजामशाही जाऊन बरीच वर्षं झाली होती, शाळा मराठी झाली होती, पण भिंतीवरचा जगाचा नकाशा अजून उर्दूतलाच होता. तो वाचता यायचा फक्त हेडमास्तरांना. त्यांची सगळी तालीम उर्दूत झालेली. भूगोल तोंडपाठ, पण ऐनवेळी मराठी शब्द सापडायचा नाही. मग पलीकडच्या खोलीतून हाक यायची, "बाई, ते खत्ते-उस्तवा मराठीत काय झालं?" मी इकडून ओरडायचे, "विषुववृत्त!" अशी आमची दोन खोल्यांची शाळा. पुढं मातीचं पटांगण आणि त्याला कमरेएवढी दगडी भिंत. पृथ्वीचा गोल आमच्याकडं नव्हता.

मी मूळची तुळजापूरची, पुजाऱ्याच्या घरातली. म्हणजे ओसरीवर सदा यात्रेकरू उतरलेले आणि चुलीवर सदा पातेली चढलेली. मॅट्रिक झाले तेव्हा थोरले दादा म्हणाले, "वर्षभर कर नोकरीची हौस. कायम झालीस तर माझी ना नाही. टेंपररीच राहिलीस तर मुकाट घरी यायचं, वहिनीच्या हाताखाली." वहिनी वाईट नव्हती हो. पण पुरण वाटून वाटून तिचे खांदे कसे झाले होते ते मी बघत होते. मला ते नको होतं. मला चौथीचा वर्ग पाहिजे होता, त्याच्या गोंगाटासकट, शेंबडासकट. आणि कायम करणं न करणं होतं डेप्युटी साहेबांच्या हातात. गावातली म्हातारी माणसं त्यांना अजून मोहतमीमसाहेबच म्हणायची. संक्रांत झाली की ते तपासणीला येणार होते. ते पाठ बघणार, गावाला विचारणार की बाई कशा आहेत, आणि त्यावरून मी इथं राहणार की तुळजापूरला पुरण वाटणार ते ठरणार होतं.

तर भूगोलाचा धडा आला. पृथ्वीला दोन गती आहेत. पोरांनी तो एका दमात पाठ केला, सुरात, डोलत. मी खूश. मग सहज विचारलं, "बरं, रात्री सूर्य कुठं जातो?"

"झोपाया!" सगळ्या वर्गाचं एकच उत्तर.

माझा पारा चढला. मला राग फार लवकर येतो, अजूनही येतो. तेव्हा तर वयच तसं होतं. "आत्ता काय म्हणत होतात? दोन गती, दोन गती म्हणून बोंबलत होतात ना?" पोरं माझ्याकडं टकमका बघत राहिली. त्यांचं चुकलं नव्हतं. पाठ करायला सांगितलं ते त्यांनी केलं होतं. मी पुस्तक मिटलं आणि म्हटलं, "चला बाहेर."

बाहेर कोवळं ऊन होतं. सगळ्यांना उन्हाकडं तोंड करून उभं केलं आणि सांगितलं, "तुमचं डोकं म्हणजे पृथ्वी. नाक म्हणजे आपलं गाव. उजवा कान मुंबई, डावा कान कलकत्ता. आता सूर्य समोर आहे, गावात किती वाजले?"

"दुपार झाली!"

"आता हळूहळू डावीकडं वळा. सूर्य कुठल्या गालावर सरकला?"

"उजव्या! मुंबईवर! बाई, सूर्य मुंबईकडं मावळाय लागला!"

पाठ फिरली तशी गावात रात्र झाली. वळत वळत ऊन पहिल्यांदा डाव्या कानावर आलं तेव्हा एक पोरगी किंचाळली, "कलकत्त्यात उजाडलं!" एकाच्या नाकातून धार लागली होती. शेजारचा म्हणाला, "बाई, ह्येच्या गावात पूर आलाय." त्या दिवशी आम्ही इतके हसलो की हेडमास्तर आपला वर्ग सोडून दारात येऊन उभे राहिले. थोड्या वेळानं बघते तर तेही हळूच डावीकडं वळून बघताहेत.

एक गोष्ट मात्र माझ्या लक्षात आली होती. डावीकडं वळा म्हटल्यावर निम्मी पोरं आधी उजवीकडं वळली होती. आरती झाली की माणूस स्वतःभोवती फिरतो ना, तसं. मी दटावलं, ती वळली, मी विसरून गेले. तिथंच सावध व्हायला हवं होतं.

शनीवाचूनच ग्रह वाटून देण्यात आठवडा गेला, मग दुसरी गती. चुलीतली राख आणून पटांगणात गोल आखले, मध्ये दगडावर सूर्य म्हणून एक गोरीगोमटी मुलगी बसवली. पृथ्वी झाली आबांची नात. आबा म्हणजे गावातले वजनदार गृहस्थ. मी त्यांच्याच घरी एक खोली घेऊन राहत होते. देवळाचं, शाळेचं, भांडणाचं, सगळं त्यांच्यापुढं जायचं. नात त्यांची लाडकी, उंच, शहाणी, आणि मान वर करून चालणारी. चंद्र तो बोरंवाला. त्याला पृथ्वीभोवती पळायचं होतं, म्हणजे तिच्या वेणीपासून लांब राहून. हे त्याला तीनदा सांगावं लागलं.

"फिरा!" मी म्हटलं.

आणि काय सांगू! बुध निघाला तो हात जोडून. शुक्रानं आधी टोपी काढून नीट बसवली, मग हात जोडले. पृथ्वी डोळे मिटून ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटत चालली. गुरूनं फेरी पुरी झाल्यावर सूर्यापुढं डोकं टेकलं, आणि सूर्यानं त्याच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद दिला. मी पोट धरून खाली बसले. हसून हसून डोळ्यांतून पाणी आलं. सूर्यनारायण म्हटल्यावर ही लेकरं दुसरं काय करणार होती? सोनारीच्या भैरवाला दर यात्रेला ज्यांच्या आयांनी कडेवर घेऊन फेऱ्या घातल्या, ती पोरं मोकळ्या हातानं देवाभोवती फिरणार कशी?

पण हसू ओसरलं तसं मला दिसलं की सगळे उजव्या हाताला सूर्य ठेवून चालले आहेत. प्रदक्षिणेला चालतात तसे. आणि पृथ्वी तशी फिरत नाही. ध्रुवताऱ्याच्या बाजूनं, म्हणजे वरून, बघितलं तर ती नेमकी उलटी फिरते, सूर्य डाव्या हाताला ठेवून.

"थांबा. उलटं फिरा. सूर्य डाव्या हाताला आला पाहिजे."

कुणी हललं नाही.

"अरे, फिरा ना!"

पृथ्वीचा चेहरा रडवेला झाला. "बाई, उलटी फेरी न्हाय घालत. आबा म्हंत्यात भैरोबा कोपतो."

"हा भैरोबा नाही, हा भूगोल आहे!" मी ओरडले.

झालं. पृथ्वीनं भोकाड पसरलं. पृथ्वी रडते म्हणून चंद्र रडला. सूर्याला वाटलं आपलंच काहीतरी चुकलं, तीही दगडावर बसल्या बसल्या डोळे पुसायला लागली. मी घंटा वाजवून शाळा सोडून दिली.

दिवस मावळायच्या आत गावभर झालं की बाई लेकरांना देवाला उलट्या फेऱ्या घालायला लावते. मी खोलीत भाकरी थापत होते, तर आबा दाराशी येऊन बसले. आबा कधी आवाज चढवायचे नाहीत, म्हणून मला त्यांची जास्त भीती वाटायची.

"बाई, तुमी शिकलेल्या. आमी अडाणी. पण ह्ये बरं न्हाय."

"आबा, पृथ्वी फिरतेच तशी. मी काय करू?"

"पृथ्वी फिरंना का कशी बी. आमची नात न्हाय फिरायची." ते उठले. जाता जाता म्हणाले, "साहेब येणार हायेत. त्ये इचारत्यालच गावाला. आमाला तोंडावर खोटं बोलता येत न्हाय, आदीच सांगून ठेवतो."

भाकरी तव्यावर करपली. मला सगळं लख्ख दिसत होतं. पोरांना उजवीकडून फिरवलं तर गाव खूश, पण साहेब म्हणणार, बाईंना साधी पृथ्वीची दिशा माहीत नाही. डावीकडून फिरवलं तर साहेब खूश, पण आबा तोंडावर तक्रार करणार. इकडं आड, तिकडं विहीर, आणि दोन्हीच्या तळाशी वहिनीचा पुरणाचा पाटा. मला रडू आलं आणि रडू आल्याचा रागही आला.

सकाळी हेडमास्तरांना सांगितलं. ते बिचारे टोपी काढून डोकं खाजवत बसले. "बाई, माझं ऐका. साहेब आले की लेकरांकडनं धडा म्हणवून घ्या. पृथ्वीला दोन गती आहेत. बस्स. खेळ नक्को. खेळात फसाल."

"आणि सूर्य झोपायला जातो म्हणाली तर?"

"मग फसालच," ते म्हणाले. "पण हळूहळू फसाल."

मी हट्टाला पेटले होते. म्हटलं, खेळच करणार. आणि मला शनी कुणी मिळत नाही, तेवढा मिळवून द्या. त्यांनी थोडा विचार केला. "शनी मी होतो. आमच्यात कुठली आली साडेसाती? घरी विचाराल तर त्या म्हणतील, हे लग्नापासूनच शनी आहेत." मग जरा थांबून म्हणाले, "अन् उलट्या फेरीचं म्हणाल तर माझे चुलते हज करून आले होते. ते सांगायचे, तिथली फेरी अशीच असती, डाव्या अंगानं. ज्याची त्याची रीत. मला काय, मी फिरतो बेशक." शनीला कडं पाहिजे म्हणून त्यांनी पिंपाचं लोखंडी कडं शोधून आणलं, सुतळीनं कमरेला बांधलं आणि आरशात बघायला घरी गेले. त्यांच्या घरातून आलेलं हसू शाळेपर्यंत ऐकू आलं.

शनी मिळाला, पण पृथ्वी मिळत नव्हती. आबांची नात फिरत नाही म्हटल्यावर कुणीच फिरेना.

त्या आठवड्यात रविवारी आबांची गाडी सोनारीला निघाली. आबा माझ्याशी मोजकंच बोलत होते, पण काकूंनी, म्हणजे आबांच्या मंडळींनी, माझा हात धरून मला गाडीत बसवलं. "तुमचं काय भांडण असंल ते असू द्या. देवाला जायाला कशाचा आलाय राग?" नात आमच्या मध्ये बसली होती, पण माझ्याकडं बघत नव्हती. वाटेत ओढा आला. पाणी जेमतेम होतं, वाळू मात्र रग्गड, तिच्यात गाडी रुतली. आम्ही सगळे उतरलो. आबा उजव्या चाकाला भिडले, काकू, नात आणि मी डाव्या चाकाला. आबांनी बैलांना हाळी दिली, आम्ही आरे धरून जोर लावला, आणि चाक हललं. हळू हळू, माझ्या नाकासमोर, फिरायला लागलं.

मी जोर लावायचा सोडून बघतच राहिले.

"बाई, ढकला की!" काकू ओरडल्या.

"काकू, हे चाक कुठल्या अंगानं फिरतंय? प्रदक्षिणेसारखं, का उलटं?"

काकूंनी माझ्याकडं असं बघितलं की उन्हाचा चटका बसला की काय हिला. पण बघून म्हणाल्या, "उलटं."

मी पलीकडं ओरडले, "आबा! तुमच्या बाजूचं चाक कसं फिरतंय?"

"कसं म्हंजी? सरळ फिरतंय. प्रदक्षिणेवानी."

"आवो, काय बोलताय?" काकूंनी इकडून तोंड सोडलं. "उलटं फिरतंय. म्या डोळ्यानं बघती."

"तुजं डोळं तपासून घे."

"माजं डोळं? काल गाईऐवजी शेजाऱ्याची कालवड बांदून आला कोण?"

गाडी ओढ्याच्या पार झाली तरी त्यांचं चाललंच होतं. मी हसत होते. म्हटलं, "आबा, जरा इकडं या. गाडी हळू चालू द्या आणि ह्या बाजूनं बघा." आबा कपाळाला आठ्या घालून आले. बघितलं. परत पलीकडं गेले. बघितलं. परत आले.

"आयला," ते म्हणाले. "तिकडनं सरळ, हिकडनं उलटं."

"दोन्ही चाकं खरंच एकमेकांच्या उलट फिरली असती तर?"

"तर गाडी जाग्यालाच गरगरली असती. म्होरं कशी गेली असती?"

"म्हणजे चाकं एकाच अंगानं फिरताहेत. बाजू तेवढी आपली बदलली."

आबांनी बैलांचा कासरा हातात घेतला. पण नात गाडीच्या मागून वाकून बघत होती, इकडून एकदा, तिकडून एकदा, आणि तिच्या तोंडावर जे आलं ते मी आजवर हजारो पोरांच्या तोंडावर शोधत आले. "बाई," ती म्हणाली, "म्हंजी आपन वरनं बघतो म्हनून पृथ्वीची फेरी उलटी दिसती? आन् खालनं कुनी बघितलं तर?"

"तर ती सरळ प्रदक्षिणा दिसेल. सूर्य उजव्या हाताला."

"मग भैरोबा खालनं बघत असंल."

"असेल की. त्याला कोण अडवणार?"

तिनं आजोबांकडं बघितलं. आबांनी बैलांच्या शेपट्या पिळल्या आणि एवढंच म्हणाले, "बघू."

बघू! हो नाही, नाही नाही. आबांचा 'बघू' कशाचाही असू शकायचा. परत येईपर्यंत मी त्यांच्या तोंडाकडं बघत होते, काही कळलं तर शपथ. दुसऱ्या दिवशी नात मात्र शाळेत आली आणि राखेच्या गोलावर जाऊन उभी राहिली. हात सोडले, सूर्य डाव्या हाताला घेतला आणि चालायला लागली. तिच्यामागं सगळं आकाश चालायला लागलं. मधल्या सुट्टीत पोरं गावातल्या प्रत्येक गाडीच्या दोन्ही बाजूंनी वाकून बघत होती आणि गाडीवाल्यांच्या शिव्या खात होती.

तपासणीच्या दिवशी पटांगण सारवलं, राखेऐवजी चुना आणला. साहेब आले. बारीक चणीचे, चष्मा, खादीचा कोट, चेहऱ्यावर सुरकुती हलत नव्हती. भिंतीच्या पलीकडं सगळं गाव जमलेलं, आणि मध्यभागी, भिंतीवर कोपर टेकून, आबा. त्यांनी नातीला येऊ दिलं होतं खरं, पण त्या दिवसापासून माझ्याशी एक शब्द बोलले नव्हते.

"सुरू करा," साहेब म्हणाले.

सूर्य दगडावर बसला. ग्रह निघाले. बुध भरभर, शुक्र टोपी सावरत, पृथ्वी चालता चालता स्वतःभोवती डावीकडं गिरकी घेत, आणि चंद्र तिच्याभोवती धापा टाकत. मंगळानं त्या दिवशी लाल मुंडासं बांधलं होतं. गुरू ऐटीत. आणि सगळ्यांच्या बाहेरून, कमरेला लोखंडी कडं खुळखुळत, आमचे हेडमास्तर. साहेबांनी चष्मा काढून पुसला आणि परत घातला.

"हे कोण?"

"शनी, साहेब," हेडमास्तर चालता चालता म्हणाले. "माफ करा, थांबता येत नाही. फेरी लांब आहे."

भिंतीपलीकडं खसखस पिकली. साहेब हसले नाहीत. ते सरळ गोलात शिरले आणि पृथ्वीपुढं उभे राहिले. पृथ्वी थांबली. चंद्र वेगात होता, तो साहेबांच्या पोटावर आदळला.

"मुली, तू डावीकडून का फिरतेस? देवाला तर उजवीकडून फिरतात."

मला वाटलं, संपलं सगळं. हाच सवाल, आणि तोही आबांच्या देखत! पृथ्वीनं एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा भिंतीकडं, आणि मान वर केली.

"साहेब, त्ये कुठनं बघताय त्येच्यावर हाय. तुमी वरनं बघताय म्हनून डावीकडनं दिसतंय. खालनं बघितलं तर उजवीकडनंच हाय."

"असं पुस्तकात कुठं लिहिलंय?" हा सवाल माझ्याकडं होता.

मी घाबरलेली होते आणि घाबरले की मला राग येतो. "पुस्तकात नाही साहेब, गाडीच्या चाकात आहे. पाहिजे तर गाडी जुंपून दाखवते."

साहेबांनी माझ्याकडं बघितलं. मग पोरांना दहा सवाल विचारले, इकडचे तिकडचे. रात्री सूर्य कुठं जातो? "कुठं जात न्हाय, आपन पाठ करतो!" कलकत्त्यात आधी उजाडतं का मुंबईत? सगळ्यांनी डावा कान धरला. साहेबांच्या ओठाचा कोपरा जरासा हलला असं मला वाटलं, पण खात्री नव्हती. मग ते भिंतीकडं वळले आणि त्यांनी तो सवाल विचारला, ज्याच्यासाठी मी महिनाभर झोपले नव्हते.

"गावाची बाईंबद्दल काही तक्रार आहे का?"

ग्रह जागच्या जागी थांबले. हेडमास्तरांचं कडंसुद्धा वाजायचं थांबलं. सगळं गाव आबांकडं बघत होतं. आबांनी कोपर भिंतीवरून काढलं, पटका नीट केला, घसा खाकरला.

"हाय, साहेब. तक्रार हाय."

मी वर्गाच्या दाराची चौकट धरली. तुळजापूरची ओसरी, पातेली, वहिनी, सगळं डोळ्यांपुढं आलं.

"बोला," साहेब म्हणाले.

"तक्रार अशी हाय," आबा म्हणाले, "की आमची नात रोज रातच्याला आमाला खाटंवरनं उठवून डावीकडं फिराया लावती आन् इचारती, आबा, तुमच्या नाकावर किती वाजलं? माजी बायकू म्हंती गाडीचं चाक उलटं, म्या म्हंतो सरळ, त्ये भांडान अजून मिटलं न्हाय. आन् ज्या बाईनं गावाचं डोस्कं असं फिरवून ठिवलंय, ती बाई अजून टेंपरवारी हाय. उद्या तुमी दुसरीकडं धाडली, तर आमाला ह्ये सारं निस्तरून कोन देनार? ही तक्रार हाय गावाची. लिवून घ्या."

साहेबांनी मान डोलावली. "रास्त तक्रार आहे," ते म्हणाले. "कायमच करून टाकू."

एरवी मला कुणी एक बोललं की माझी चार तयार असायची. त्या दिवशी मी चौकटीला धरून ढसाढसा रडायला लागले, पदर तोंडात कोंबला तरी हुंदका थांबेना. पोरांना काय कळणार कायम आणि टेंपररी? त्यांनी एवढंच बघितलं की आबा बोलले आणि बाई रडली. पृथ्वीनं कमरेवर हात ठेवले. "आबा! बाईला का रडवलं?" आणि सूर्य दगडावरून उडी मारून निघाला, बुध, शुक्र, मंगळ, चंद्र सगळे भिंतीवर चढले आणि आबांवर तुटून पडले. कुणी पटका ओढला, कुणी धोतर. आबा दोन्ही हातांनी धोतर सावरत ओरडत होते, "आरं, चांगलंच बोललो म्या! बाई, सांगा की ह्यास्नी!" सांगायचं माझ्या मनात होतं, पण मला रडू आवरत नव्हतं आणि आता हसूही आवरत नव्हतं, म्हणून आबांना थोडा वेळ मार खावा लागला.